लोहगडचा लेख व लोहाची स्मृति

लोहगडवाडीसमोर, लोहगडाच्या पूर्व अंगास असलेल्या लेण्यांत २०१९ सालीं एक ब्राह्मी शिलालेख उजेडांत आला. अरिहंतांस नमन करून इदरखित नामक दात्यानें करविलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद करणारा हा जैन लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या वा पहिल्या शतकांतला मानतात. मावळच्या दोन हजार पावसाळ्यांनीं तो पुसला नाहीं. आपण आज संगणकाच्या हार्ड डिस्कवर जें सांठवीत आहों, तें किती टिकेल?

चुंबकीय लेखनाचा इतिहास अल्प आहे. १८९८ सालीं डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यानें पोलादी तारेवर ध्वनि टिपला. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क आणली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या असून त्यांवर लोहाच्या गंजाचा लेप होता. एका चौरस इंचांत सुमारें २,००० खुणा मावत. आज तितक्याच जागेंत १ लाख कोटींहून अधिक मावतात.

परंतु येथें निसर्ग आडवा येतो. खूण म्हणजे सूक्ष्म कणांच्या पुंजक्याची चुंबकीय दिशा. उष्णता त्या कणांस सतत हालवीत असते. दिशा टिकते ती कणाच्या आकारमानाच्या बळावर. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनीं १९४९ सालीं याचें गणित मांडलें. त्याप्रमाणें दहा वर्षें दिशा राखणाऱ्या कणाची लांबी, रुंदी व उंची निम्मी केली, तर ती दिशा सेकंदाचा दहा लाखावा भागही टिकत नाहीं. अधिक ताठर धातु घ्यावा, तर त्यावर लिहितांच येत नाहीं. म्हणून लोह व प्लॅटिनम यांचा मिश्रधातु लेसरनें क्षणभर तापवून लिहिण्याची युक्ति निघाली; सीगेट कंपनीच्या अशा ३० टेराबाइटांच्या डिस्क २०२४ पासून मिळूं लागल्या. मर्यादा पुढें सरली, नाहींशी झाली नाहीं.

मग शिळाच बरी म्हणावें काय? ब्राह्मी लिपि लोक विसरले होते; १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ती उलगडली नसती, तर लोहगडचा लेखही मुकाच राहता. उलट ज्ञानेश्वरी आपणांपर्यंत पोंचली ती पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्यांच्या हातून. १५८४ सालीं एकनाथांनीं तिचा पाठ शुद्ध केला. घरोघरचीं छायाचित्रें व कागदपत्रें आज ज्या डिस्कवर आहेत, त्यांचेंही रक्षण याच मार्गानें होईल. कांहीं वर्षांनीं नवी नकल करावी, ती उघडून पाहावी आणि पुढच्याच्या हातीं द्यावी.