नगरचे तट, बुरूज आणि सुरुंग

सहलींचा मोसम आला की शाळांच्या गाड्या नगरच्या भुईकोट किल्ल्यासमोर उभ्या राहू लागतात. मुले किल्ला पाहतात, स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांच्या बंदिवासाच्या खोल्या पाहतात, मग चांदबिबी महालाच्या डोंगरावर चढून संध्याकाळी घरी परततात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत सारखेच वाक्य येते : किल्ला भव्य आहे व त्याच्याभोवती मोठा खंदक आहे. तो गोल का, खंदक कशासाठी, आणि इतके सारे असूनही किल्ला पडला कसा, हे प्रश्न निबंधात येत नाहीत. कारण सहलीत ते कोणी विचारलेलेच नसतात.

या लेखात आपण हेच प्रश्न विचारणार आहोत. तट म्हणजे केवळ दगडांची रास नव्हे. त्या त्या काळातील शस्त्राला दिलेले ते उत्तर असते. शस्त्र बदलले की जुने उत्तर अपुरे पडते. नगरमध्ये ही सव्वातीनशे वर्षांची प्रश्नोत्तरे एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात.

नावाबद्दल आधी थोडे. मलिक अहमद निजामशहाने १४९४ साली वसवलेले हे शहर त्याच्या नावावरून अहमदनगर म्हणून ओळखले गेले. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जिल्ह्यातील माणूस बोलताना पूर्वीपासून नुसते ‘नगर’ म्हणत आला आहे. आपणही येथे तेच वापरू.

मातीकडून दगडाकडे

२८ मे १४९० रोजी भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी सैन्याचा पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. पुढे चार वर्षांनी त्याच परिसरात, सीना नदीच्या डाव्या तीरावर, राजधानी वसली. जागा सपाट होती. शिवनेरी किंवा हरिश्चंद्रगडाला उंच कडे आयते मिळतात, येथे मात्र संरक्षणाची प्रत्येक गोष्ट माणसालाच उभी करायची होती. म्हणून हा भुईकोट.

किल्ला आणि शहर एकमेकांपासून वेगळे आहेत, ही गोष्ट नकाशा पाहिल्यावर लगेच ध्यानात येते. शहर पश्चिमेला, किल्ला त्याच्या पूर्वेला, आणि दोघांमध्ये मोकळी जमीन. शहर शत्रूच्या हाती गेले तरी किल्ला लढत राहावा, आणि किल्ल्यावरच्या तोफांपुढे आडोसा नसावा, अशी ही सोय होती. तिचा उपयोग कितपत झाला, ते पुढे पाहू.

पहिला किल्ला मातीचा होता. आज दिसणारा दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळात, साधारण १५५९ ते १५६२ या वर्षांत उभा राहिला. ही वर्षे का? त्याच सुमारास विजयनगरचा रामराय, विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या एकत्रित फौजांनी निजामशाहीवर स्वारी करून तिला हतबल केले होते. मातीचा तट आता पुरणार नाही, हा धडा हुसेनशहाला मिळाला होता. १५६५ मध्ये दक्षिणेतील सुलतान एकत्र येऊन विजयनगरविरुद्ध तालिकोटची लढाई लढले, तेव्हा नगरचा हा तट नुकताच पुरा झालेला होता.

किल्ला गोलाकार का?

किल्ल्याचा घेर सुमारे १.७ किलोमीटर असून त्यावर वीसहून अधिक बुरूज आहेत. आकार गोलसर आहे. याचे एक कारण आठवी-नववीचा विद्यार्थी स्वतः शोधू शकेल. १.७ किलोमीटर लांबीची भिंत चौरसात बांधली तर आत सुमारे १८ हेक्टर जागा मिळते, तीच वर्तुळात बांधली तर सुमारे २३ हेक्टर. तेवढाच दगड आणि तेवढेच पहारेकरी, पण जागा सव्वापटीहून अधिक. शिवाय वर्तुळाला कोपरा नसतो. कोपऱ्यावर दोन बाजूंनी मारा करता येतो आणि तेथील दगड लवकर ढासळतात.

बुरूजही गोल आहेत. सपाट भिंतीवर गोळा सरळ आदळतो. गोल पृष्ठभागावर तो बहुधा तिरपा लागतो आणि त्याच्या वेगाचा काही भाग बाजूला निसटून जातो. बुरूज तटाच्या पुढे आलेले असतात, कारण तटाच्या पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर वरून वाकून मारा करणे धोक्याचे असते. शेजारच्या बुरुजावरून मात्र तटाच्या कडेकडेने नेम धरता येतो.

पण गोल बुरुजात एक उणीव आहे. वर्गातील जमिनीवर खडूने एक सरळ तट आणि त्याला लागून तीन अर्धवर्तुळे काढा. दोन्ही कडेच्या बुरुजांवरून मधल्या बुरुजाला जेमतेम स्पर्श करतील अशा दोऱ्या ताणा. मधल्या बुरुजाच्या पुढे एक लहान त्रिकोण उरतो. तेथे उभा असलेला शत्रू दोन्ही शेजाऱ्यांना दिसत नाही. युरोपातील बांधकाम करणाऱ्यांनी सोळाव्या शतकात याला उत्तर म्हणून बाणाच्या टोकासारखे कोनाकृती बुरूज बांधले. त्यांच्या बाजू या दोऱ्यांच्या रेषेतच असल्याने आंधळा कोपरा उरत नाही.

असे कोनाकृती बुरूज पाहायला फार दूर जावे लागत नाही. वसईच्या पोर्तुगीज कोटात ते आहेत, आणि तटाच्या आत जुन्या चर्चचे उंच भग्न मनोरेही आहेत. पोर्तुगीजांचे असेच एक तटबंद गाव म्हणजे चौलजवळील रेवदंडा. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, पण मोठी फौज असूनही ते त्याला घेता आले नाही. म्हणजे एकाच काळात, एकाच मुलखात, तट बांधण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या होत्या. अर्थात कोनाकृती बुरूजही अजिंक्य नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा सान सेबास्तियन बुरूज सुरुंगांनी उडवला आणि किल्ला घेतला.

नगरची तोफ

तटाला आव्हान देणारी तोफही नगरलाच ओतली गेली. विजापूरच्या बुरुजावर असलेली प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ ही तोफ १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने नगरमध्ये तयार केली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला नेली गेली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन सुमारे ५५ टन आहे.

ती लोखंडाची नाही, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हाच्या येथील भट्ट्यांत इतके तापमान गाठून टनावारी लोखंड ओतणे शक्य नव्हते. तांबे-कथलाचा रस हजार अंशांच्या आसपास तयार होतो. विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे : ६५ सेंटिमीटर व्यासाचा काळ्या दगडाचा गोळा किती वजनाचा होईल? घनता २.९ धरली तर उत्तर ४०० किलोच्या पुढे जाते. असा गोळा वाहून आणणे, नळीत भरणे आणि तोफ पुन्हा थंड होऊ देणे यांत किती वेळ जात असेल, याचा विचार केला की अशी तोफ दिवसात फार वेळा डागता येत नसणार हे कळते.

जमिनीखालची लढाई

डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी नगरला वेढा घातला. निजामशाहीत वारसाचे भांडण पेटले होते. बचावाची सूत्रे विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा आणि हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिने हाती घेतली. जो तट तिच्या वडिलांनी बांधला, तोच तिला राखायचा होता.

मोगलांनी तटावर गोळे मारत बसण्याऐवजी त्याच्याखाली सुरुंग खणले. यामागचे विज्ञान सोपे आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू उघड्यावर पेटवली तर ती भपकन जळून जाते. तीच बंदिस्त जागेत पेटली तर क्षणात निर्माण होणाऱ्या तप्त वायूंना बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ते वरचा भार उचलून फेकतात. तट जितका जड, तितका तो स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी निजामशाहीच्या चाकरीत होता. तो सांगतो की मोगलांच्या छावणीतील ख्वाजा महंमद खान शिराझी याने रात्री येऊन सुरुंगांची जागा किल्ल्यातील लोकांना कळवली. त्यांनी आतून खणून दोन सुरुंगांतील दारू काढून टाकली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच तो उडाला, कित्येक माणसे दगावली आणि तटाला मोठे भगदाड पडले. चांदबिबी स्वतः भगदाडाशी उभी राहिली. हल्ले परतवले गेले आणि रातोरात भिंत पुन्हा उभारली गेली. अखेर १५९६ मध्ये तह झाला, वऱ्हाड मोगलांना मिळाले, नगर मात्र वाचले.

खबर देणारा कोणी नसेल तर सुरुंग ओळखायचे कसे? जगात अनेक ठिकाणी यासाठी पाण्याने भरलेले पसरट भांडे जमिनीवर ठेवीत. खाली खणणे चालू असेल तर पाण्यावर बारीक तरंग उठतात. हा प्रयोग शाळेत बाकावर ठेवलेल्या ताटात करून पाहता येतो.

चार वर्षांनी, १६०० मध्ये, राजपुत्र दानियालचा वेढा पडला. चांदबिबी मोगलांशी बोलणी करते आहे या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर सुरुंगांनी तट फुटला आणि किल्ला पडला. तट १५९६ मध्येही तोच होता आणि १६०० मध्येही. फरक आतल्या माणसांच्या एकजुटीत होता.

पाणी

वेढ्यात सर्वांत आधी संपते ते पाणी. नगर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. किल्ल्यात गंगा, यमुना, मछलीबाई आणि शक्करबाई अशी नावे असलेल्या विहिरी होत्या. शहरासाठी मात्र कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंच्या उंच जागांवरून जमिनीखालून खापरी नळ आणले होते. पंप नव्हते, होता तो फक्त उतार. उगम शहरापेक्षा उंचावर, आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभे उच्छ्वास. नळात अडकलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि गाळ काढायलाही त्यांचा उपयोग होई. नळ जमिनीखाली असल्याने पाणी उन्हाने आटत नसे आणि घाणही मिसळत नसे. सलाबतखानाने १५८३ मध्ये पुरी केलेली फरहबाग याच पाण्याच्या जोरावर उभी राहिली. अष्टकोनी महाल, मध्यभागी उंच घुमटाचे दालन आणि चहूबाजूंनी तलाव, अशी तिची रचना आहे.

१८०३ : फांजी नसलेला तट

आता शहराच्या तटाकडे येऊ. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातील नगर शहरावर शिड्या लावून हल्ला केला. शहराचा तट उंच होता, त्याला बुरूज होते, पण आतून फांजी, म्हणजे तटावर उभे राहून फिरण्याची रुंद वाट, नव्हती. शिडीवरून माथ्यावर पोचलेल्या शिपायांना पाय ठेवायला जागाच मिळेना आणि ते मारले जाऊ लागले. क्षणभर वाटावे की फांजी नसणे हेच तटाचे बळ. पण तीच गोष्ट बचाव करणाऱ्यांनाही लागू होती. त्यांनाही उभे राहायला जागा होती ती फक्त बुरुजांवर. एक बुरूज पडताच शेजारच्या तटावरून मदत धावून येऊ शकली नाही, आणि शहर त्याच दिवशी पडले.

शहर हाती आल्यावर इंग्रजांनी किल्ल्यासमोर तोफा रचल्या. १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली करून दिला. शहर व किल्ला वेगळे ठेवण्याच्या जुन्या योजनेने जेमतेम चार दिवस मिळवून दिले.

पुढे तटाचे कामच उरले नाही. शहर वाढत गेले तसा त्याचा तट बहुतांशी नाहीसा झाला. दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस यांसारख्या खुणा उरल्या. किल्ला मात्र कैदखाना म्हणून उपयोगी पडला. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदी नेते येथे होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले.

सहलीला जाताना

किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी. बरोबर मोजपट्टी, दोरी, कोनमापक आणि वही असावी. मुलांचे गट करून एका गटाला दोन बुरुजांमधील अंतर, दुसऱ्याला तटाच्या भिंतीचा उतार, तिसऱ्याला जंग्यांची दिशा नोंदवायला सांगावी. अंतर पावलांनी मोजले तरी चालेल.

ऐकलेले तपासून पाहण्याची सवयही येथेच लावता येईल. ज्याला सारे चांदबिबी महाल म्हणतात, ती डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी वास्तू महाल नाही आणि चांदबिबीचीही नाही. ती फरहबाग पुरी करणाऱ्या सलाबतखानाची कबर आहे. मुलांना हे आधी न सांगता ‘महालात स्वयंपाकघर कुठे असेल? पाणी कुठून येत असेल?’ असे विचारावे, आणि मग तळघरातील कबरीकडे न्यावे.

शेवटी, वेळ उरला तर छावणी भागातील रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९४ मध्ये सुरू झाले. तेथील कित्येक रणगाड्यांचे पुढचे पोलादी पत्रे उभे नसून तिरपे बसवलेले दिसतील. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. सकाळी ज्यांनी गोल बुरुजावर हात फिरवला आहे, त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही.