दर्यावरच्या परवान्याची कुळकथा

रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी नांगरलेल्या यांत्रिक नौकांच्या नाळेवर 'आयएनडी-एमएच' असा सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो. नौका कोणत्या राज्याची, हे त्यावरून कळते. तिने कोणती मासेमारी करावी, हे परवाना ठरवतो. ही सारी व्यवस्था आजच्या सरकारी खात्यांची वाटते. पण दर्यावर गलबत अडवून कागद तपासण्याची रीत या किनाऱ्यावर पाचशे वर्षांची आहे, आणि तिची कुळकथा चौलच्या इतिहासात नीट वाचता येते. त्या कथेचे सार एवढेच, की परवाना कोणीही देऊ शकतो, पण त्याला वजन येते ते शेजाऱ्याने मानला तरच.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचा आकार, नाखव्याचे नाव, खलाशी, शस्त्रे, जायचे बंदर अशा नोंदी त्यात असत. मिरीसारखा मक्तेदारीचा माल नेण्यास मनाई असे. कार्ताझ नसलेले जहाज सर्रास जप्त होई. अकबराच्या हजला जाणाऱ्या जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती. 1521 साली बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी खालच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला. वरचे चौल निजामशाहीकडेच राहिले आणि एकाच खाडीवर दोन सत्ता नांदू लागल्या. अठराव्या शतकात जवळच्याच कुलाब्याहून सरखेल कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक, म्हणजे परवाने, बंधनकारक केले. मुंबईच्या इंग्रजांनी ते मानले नाही, आंग्र्यांनी इंग्रजांचे कागद मानले नाहीत. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चौलकडून कुलाब्यावर चालून गेले. बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या मदतीला धावले, आणि 1722 च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला. इंग्रज एकटे पडले, मोहीम फसली. दोन्ही मित्रांचा शत्रू एक होता, पण दर्यावरचा नियम एक नव्हता.

यावर कोणी म्हणेल, कार्ताझ ही सक्तीची वसुली होती. मासळी टिकावी म्हणून केलेल्या कायद्याशी तिची तुलना कशाला? हेतूंतला हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण अंमलबजावणीची अडचण तीच राहिली आहे. राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय राज्यांकडे दिला आणि प्रादेशिक सागराबाहेरची मासेमारी केंद्राकडे. त्यामुळे महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत चालतो. मासळीला मात्र ही रेघ ठाऊक नाही. शेजारच्या राज्यांत बंदीच्या तारखा वेगळ्या असल्या, की एकाने राखलेली मासळी दुसऱ्याच्या जाळ्यात जाते. पूर्वी महाराष्ट्राची बंदी नारळी पौर्णिमेच्या आसपास उठे, शेजारच्या राज्यांचे वेळापत्रक निराळे होते. 2015 पासून पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची समान बंदी आली, आणि समन्वयाचे खरे पहिले पाऊल पडले.

मग सगळाच अधिकार केंद्राला का देऊ नये, असाही आक्षेप येतो. पण खोल समुद्रात गस्त घालणारे तटरक्षक दल एकेका बंदरावर उभे राहून जाळ्याच्या आसाचा आकार मोजू शकणार नाही. ते काम किनाऱ्यावरच्या परवाना अधिकाऱ्याचे आहे. त्याचे अधिकार कायम ठेवून त्याच्या नोंदीला शेजारच्या राज्यात मान मिळवून देणे, हा खरा उपाय आहे. रायगडच्या हद्दीत परराज्यातल्या ट्रॉलरला दंड झाला, तर तिचा परवाना देणाऱ्या खात्याने नूतनीकरणाच्या वेळी तो गुन्हा आपला समजून मोजला पाहिजे. महाराष्ट्राच्या नौकेने गोव्यात नियम मोडला तर महाराष्ट्रानेही तेच केले पाहिजे. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटराष्ट्रांनी 1992 च्या निउए करारात याहून पुढची वाट धरली: आपसांत ठरवून एका देशाचे गस्ती जहाज दुसऱ्याच्या पाण्यातही कारवाई करू शकते. स्वतंत्र देशांना जे जमते, ते एकाच संघराज्यातल्या राज्यांना अवघड वाटू नये. एका जागी रोवलेल्या डोल जाळ्यावर पोट असलेल्या कोळ्याला सीमेपलीकडच्या नौकेचा पाठलाग करता येत नाही; त्याचा हक्क शाबूत ठेवायचा तर राज्यांनी एकमेकांचे कागद मानायलाच हवेत.