महाजनकाची नर्तकी

गेल्या माघात आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. साक्रीहून एस. टी. पहाटेच निघाली. धुळे, पारोळे, एरंडोल मागे टाकले, जळगावच्या पुढे पोरांनी दशम्या सोडल्या आणि ऊन तापायच्या आत आम्ही फर्दापूरला पोहोचलो. पहिल्या लेण्यात चपला बाहेर ठेवून जावे लागते आणि आत फार वेळ थांबू देत नाहीत. दिवाही मंद. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच बाहेर निघायची वेळ होते.

तेवढ्या वेळात मी मुलांना डाव्या भिंतीवरची एक नर्तकी दाखवली. मिथिलेचा राजा महाजनक राज्य सोडून निघू पाहतो आहे आणि राणी सीवली त्याचे मन संसारात गुंतवू पाहते आहे, अशी ती जातककथा. त्यासाठीच हे नृत्य मांडलेले. मध्ये नर्तकी, अंगात लांब बाह्यांची चोळी, कंबर एका बाजूला झुकलेली, हात असे की आता या क्षणी पुढची मुद्रा घेतील. भोवती साथ करणाऱ्या साऱ्या बायकाच. कोणी बासरी वाजवते आहे, कोणी मृदंग, कोणी झांजा. दीड हजार वर्षांपूर्वी, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, कोणा अनाम चिताऱ्याने हे काढले.

सहावीतली एक मुलगी भिंतीजवळ रेंगाळली. तिने विचारले, “गुरुजी, तो राजा थांबना का?”

म्हटले, “नाही. गेला निघून.”

“मंग तिनं नाचनं फुकट गयं ना?”

मागून लोकांचा रेटा येत होता. मी घाईघाईने “हो” म्हणालो आणि तिला पुढे सरकवले. ते “हो” मला घरी येईपर्यंत टोचत राहिले. कारण या भिंतींपायी फुकट गेलेल्या श्रमांची एक मोठी कथा आपल्या खानदेशाच्या वेशीवरच घडली आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने ही लेणी बाहेरच्या जगाच्या नजरेला आणली. (आसपासच्या गुराख्यांना ती ठाऊक नव्हती असे मानायला माझे मन तयार नाही.) पुढे जेम्स फर्ग्युसन या पंडिताने १८४३ साली लंडनमध्ये निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करा, असा आग्रह धरला. कंपनी सरकारने मद्रास पलटणीतला रॉबर्ट गिल हा कॅप्टन १८४४ साली त्या कामावर नेमला. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि पुढली कित्येक वर्षे भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भिंती उतरवीत बसला. भोवती जंगल, वाघ, आग्या मोहोळे.

तैलरंग हे या चित्रांचे मूळचे माध्यमच नव्हे. अजिंठ्याच्या चिताऱ्याने दगडावर माती आणि भुसा कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग लावले. गेरू, काजळी, चुना, हिरवी माती आणि दूरदेशाहून आलेला निळा लाजवर्द. हे रंग चकाकत नाहीत, ते भिंतीत मुरल्यासारखे दिसतात. तेल मात्र चकाकते आणि वर्षे लोटली की काळवंडते. म्हणजे गिलचा हात कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हातातली वस्तूच परकी होती.

तिथेच त्याला पारो भेटली. अजिंठ्यात तिची कबर आहे आणि तीवर २३ मे १८५६ ही तारीख कोरली आहे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर दीर्घ काव्य लिहिले, २०१२ साली चित्रपटही आला. कादंबरीकाराला मोह पडावा असाच हा विषय, पण आज मी हात आखडता घेतो.

गिलची चित्रे लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रचंड प्रासादात मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात त्याला आग लागली आणि बहुतेक सारी जळाली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वीस वर्षांच्या श्रमांची राख! तरी हा माणूस इथून हलला नाही. १८७९ साली तो वारला आणि आपल्या भुसावळच्या मातीत पुरला गेला.

तोवर दुसरी फळी कामाला लागली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास येत राहिले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा अशी ही इथलीच मुले. त्यांनी सुमारे ३०० नकला केल्या, पुन्हा तैलरंगातच. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयात आग लागून त्यांतल्याही बऱ्याच जळाल्या! दैवाने एकाच दारावर दोनदा थाप मारावी तसे झाले.

आणखी एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. नकला काढताना रंग उठून दिसावेत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतींवरच वॉर्निश फासले. पुढे ते पिवळे पडले, काळे पडले, पापुद्रे धरू लागले. निजाम सरकारने १९२० साली इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार आणवले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा सावरला, पण लाखेचा थर त्यांनीही दिलाच. पुरातत्त्व खात्याची माणसे तो मळ काढण्यात अगदी अलीकडेपर्यंत गुंतली होती. ज्यांनी हिला वाचवायचे म्हणून जन्म वेचला, त्यांच्याच हातून तिच्या अंगावर काळिमा आला. मी त्यांना दोष देऊ शकत नाही आणि माफही करवत नाही.

पण उरलेल्या नकला ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन थोर खंडांत छापल्या आणि अजिंठा घराघरांत नसला तरी देशोदेशी पोहोचला. पुढे लेडी हेरिंगहॅमबरोबर तरुण नंदलाल बोसही इथे येऊन बसले. आणि १९२३ साली तर नवलच घडले. रशियाची जगद्विख्यात बॅले-नर्तकी अ‍ॅना पावलोव्हा आदल्या वर्षी हिंदुस्थानात येऊन गेली होती. तिने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले रंगभूमीवर आणला. संगीत चेरेपनिन यांचे. त्याच हंगामात आपला उदयशंकर तिच्याबरोबर राधाकृष्ण नाचला. पुढे तो हिंदुस्थानात परतला आणि नृत्यालाच वाहून घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेलात उतरवताना आगीत गेलेली चित्रे शेवटी हाडामांसाच्या माणसांच्या अंगातून हलली.

ती मुलगी आता सातवीत आहे. हा अंक शाळेत आला की पहिल्यांदा तिच्या हातात द्यायचा आहे. माझे ते “हो” मला परत घ्यायचे आहे.