चिरनेरचं रान आणि संशोधकाची तालीम

१९३० साली महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. जूनमध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने छत्र दिलं आणि धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले. २५ सप्टेंबरला तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, पनवेल तालुक्यातल्या चिरनेरला अक्कादेवीच्या रानात लोक जंगलचा कायदा मोडायला जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले. त्यांतले नाग्या महादू कातकरी आणि धाकू गवत्या फोफेरकर चिरनेरचेच, बाकीचे दिघोडे, खोपटे, पाणदिवे, कोप्रोली, जुई अशा भोवतालच्या गावांचे. त्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशी यांचाही जीव गेला. या दोन घटना जोडणारा धागा आजच्या संशोधनाच्या तालमीतून जातो. आज व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जागोजाग कार्यशाळा भरतात. शोधनिबंध कसा लिहावा, नियतकालिकाकडे कसा पाठवावा, परिषदेत कसा मांडावा, नोकरीच्या मुलाखतीत काय सांगावं हे तिथे शिकवतात. या तालमीचा इथला इतिहास सांगायचा तर सुरुवात पुण्यातल्या त्या संस्थेपाशी करावी लागते. त्या इतिहासात पुढे काय गळून पडलं, हे मात्र चिरनेरवरून चांगलं कळतं.

चिरनेरचा गोळीबार आपण शौर्याची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्यामागे पन्नासएक वर्षांचं एक भांडण होतं, आणि ते शुद्ध व्यवस्थापनाचं होतं. कोकणातला भातशेतकरी पावसाआधी रोपाच्या जागेवर टहाळे, पातेरा, गवत, शेण पसरून राब भाजतो. राबाला लागणारा पाला रानातून येतो. १८७८च्या वनकायद्यानंतर रानं राखीव होऊ लागली आणि ठाणे-कुलाबा भागात पाला, सरपण, चराई यांवर बंधनं आली. ओरड इतकी झाली की १८८५मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७चा. एका वाफ्याला किती पाला लागतो, कोणती झाडं छाटली तर रान टिकतं, छाटणीवर देखरेख कुणी ठेवायची, गावाने की खात्याने, हे त्या तंट्यातले खरे प्रश्न. वनखात्यातल्या अनेकांना राब म्हणजे उधळपट्टी वाटे. शेतकऱ्याच्या लेखी राबावाचून रोप नव्हतं. मर्यादित साधन अनेकांनी मिळून कसं वापरायचं, या प्रश्नावर आज व्यवस्थापनाचे विभाग प्रबंध लिहून घेतात. तोच प्रश्न इथे साक्षीपुराव्यांसह सरकारी दप्तरात येऊन बसला होता. पुढे १९३०च्या पावसाळ्यात मीठ पिकवणं शक्य नसल्याने काँग्रेसने जंगलचा कायदा मोडायचं ठरवलं. पुसदला बापूजी अणे, साताऱ्याकडे बिळाशी आणि कोकणात चिरनेर ही नावं पुढे आली, त्याआधी ही सगळी धग साठलेली होती.

अशा प्रश्नांचा शोध घेणारी माणसं तयार कशी होत? मुंबई विद्यापीठात १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये यांनी तो अनेक वर्षं चालवला आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. अ. ना. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक १९३४मध्ये निघालं, म्हणजे नाग्या कातकरी पडल्यानंतर सुमारे चार वर्षांनी त्याच्या समाजाचा अभ्यास छापून आला. पुण्यात गाडगीळांनी पाहणी हीच शाळा केली. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी १९४०मध्ये आणि पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नावली बांधणं, ती दारोदार भरून आणणं, तक्ते करणं, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा त्याच घरी जाणं, अशा कामांतून संशोधक तयार होई. तालमीसाठी वेगळं प्रमाणपत्र नव्हतं. १९६९मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा याच परंपरेतले गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी पुढे देशभर पसरलेल्या संशोधनपद्धतीच्या शिबिरांना या परिषदेने पैसा पुरवला.

व्यवस्थापनशास्त्र आलं ते दुसऱ्या दाराने. अमेरिकेत १९५९च्या फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या अहवालांनी तिथल्या व्यवस्थापन-शिक्षणावर कडक टीका केली, आणि त्यानंतर तिथल्या व्यवस्थापन शाळांनी संशोधनाचा ध्यास घेतला. १९३६पासून चालत आलेल्या अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या वार्षिक संमेलनात डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठी खास मेळावे आणि व्यावसायिक विकासाच्या कार्यशाळा हा पुढे नित्याचा भाग झाला. आपल्याकडे १९६५मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था काढली. (ज्यांचं नाव तिला दिलं, ते जमनालालजी १९३०मध्ये विलेपार्ल्याच्या सत्याग्रह छावणीचे पुढारी होते. संस्थेच्या अभ्यासक्रमात सत्याग्रहाला जागा कधी शोधली गेली का, हा विचार मनात येतोच.) अहमदाबादच्या आयआयएमने १९७१मध्ये फेलो कार्यक्रम सुरू केला. २०१७चा कायदा होईपर्यंत या संस्थांना पीएच.डी. देता येत नव्हती, ‘फेलो’ ही उपाधीच मिळे. विद्यापीठांत, २००९च्या नियमावलीतून, विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०१६च्या नियमांनुसार प्रबंधाआधी एक निबंध छापणं आणि दोन परिषदांत वाचणं बंधनकारक होतं; २०२२मध्ये ती अट निघाली. अट निघाली तरी तिच्याभोवती उभा राहिलेला कार्यशाळांचा बाजार बसला नाही.

मुद्दा असा की या वाटचालीत तालमीचा खुंटा बदलला. वाई तालुक्यात फिरणाऱ्या पाहणीदाराची तालीम एका प्रश्नाला बांधलेली होती. २००९नंतरच्या विद्यार्थ्याची तालीम पदवीला बांधली गेली. प्रश्न कुठून येतो, त्याचा पुरावा कुणाच्या दप्तरात पडला आहे, साक्षी परस्परविरुद्ध असतील तर काय धरायचं, यावर या कार्यशाळांत फारसा वेळ जात नाही. चिरनेरला मामलेदार नेमका कसा मेला, या एका प्रश्नासाठी पोलिसांचा अहवाल, खटल्याचे कागद आणि गावची आठवण एकापुढे एक ठेवून वाचावी लागते. निबंधाचा सांगाडा शिकवणाऱ्या सत्रात हे वाचन येत नाही, कारण सांगाड्याला कोणताही मजकूर चालतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जुनी पद्धत थोड्यांची होती. घुर्यांच्या किंवा गाडगीळांच्या हाताखाली पोचायला मुंबई-पुण्यात राहणं, इंग्रजी येणं आणि बहुधा विशिष्ट घरात जन्म असणं लागे. उरण-पनवेलच्या आगरी, कोळी, कातकरी मुलांना ते दार कितपत उघडं होतं? मार्गदर्शकाच्या मर्जीवर सगळं अवलंबून असे, आणि मर्जी फिरली की वर्षं वाया जात. कार्यशाळेने निदान नियम सगळ्यांपुढे ठेवले. ज्याच्या घरात कुणी प्रबंध पाहिलेला नाही, त्याला संदर्भ कसा द्यावा हे चारचौघांत शिकायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या संशोधकांना तर हा आधार हवाच. म्हणून जुन्या काळाकडे परत जाणं हा या लेखाचा आग्रह नाही. दार उघडलं त्याची किंमत आहेच; पण दारातून आत आलेल्याला फक्त रीतभात दिली आणि साहित्य दिलं नाही, तर तो पुन्हा बाहेरच राहतो, आता अधिक नीटनेटका होऊन.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो: रान, राब, गोळीबार हा इतिहासाचा माल, व्यवस्थापनाचा नव्हे. त्याला उत्तर देणारी दोन उदाहरणं आहेत. उत्तराखंडच्या जंगलांवरचा आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या प्रतिकारावरचा रामचंद्र गुहा यांचा प्रबंध कोलकात्याच्या आयआयएमच्या फेलो कार्यक्रमात झाला, आणि त्यातून १९८९मध्ये ‘द अनक्वाएट वुड्स’ आलं. पुढे भारताच्या पर्यावरणाचा इतिहास त्यांनी ज्यांच्याबरोबर लिहिला ते माधव गाडगीळ, म्हणजे धनंजयरावांचे चिरंजीव. दुसरं उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं. सामायिक रानं, कुरणं, पाणी लोक नियम करून कसे सांभाळतात यावरच्या कामासाठी त्यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी पतीसह १९७३मध्ये इंडियाना विद्यापीठात काढलेली कार्यशाळा दीर्घकाळ चालवली. तिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच प्रश्नावर मिळून काम करत आणि देशोदेशीची प्रकरणं एका चौकटीत मांडून तपासत. आकडेशास्त्राची हेळसांड तिथे झाली नाही. नमुना कसा निवडावा यावर गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनीही तडजोड केली नसती. पद्धत आणि स्थानिक प्रश्न यांचं वैर आहे हे गृहीतच चुकीचं आहे.

चिरनेर आज उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहे, आणि भोवतालचं भांडण पाल्यावरून जमिनीवर आलं आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींवरून जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान परिसरात पुन्हा गोळ्या चालल्या, पाच जण गेले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या गोळीबारानंतर न्हावा-शेव्याचं बंदर आलं, गोदामं आली, पनवेलभोवती व्यवस्थापनाची महाविद्यालयं आली. साडेबारा टक्क्यांचा भूखंड कुणाच्या हातात टिकला, कुणी तो किती वर्षांत विकला, बंदराच्या नोकऱ्यांत गावठाणातले किती शिरले, याची घरनिहाय पाहणी गाडगीळांच्या वाईच्या पद्धतीने आजही करता येईल, आणि तिच्या पहिल्या तक्त्यासाठी १८८७चा कमिशनचा अहवाल उघडावा लागेल.