ऊन, कातडी आणि कर्करोग : एका शोधाचा इतिहास

त्वचेच्या कर्करोगाचा उन्हाशी असलेला संबंध सर्वप्रथम कष्टकऱ्यांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर दिसून आला. हॅम्बुर्ग बंदरातील त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी 1894 मध्ये खलाशांच्या एका विकाराचे वर्णन केले. वर्षानुवर्षे उघड्या डेकवर राबलेल्या या माणसांचा चेहरा, मान आणि हातांचे पंजे रापून कोरडे व जाडसर झालेले असत. त्यांवर तपकिरी डाग आणि खरखरीत खपल्या येत आणि काही खपल्यांच्या जागी पुढे कर्करोगाची गाठ वाढे. फ्रान्समध्ये बोर्दोचे विल्यम द्युब्रय यांनी 1907 च्या सुमारास हेच चित्र द्राक्षमळ्यांतल्या मजुरांत पाहिले. शहरात सावलीत काम करणाऱ्यांत ते क्वचित आढळत होते.

या इशाऱ्यांकडे वैद्यकाचे फारसे लक्ष गेले नाही, कारण त्या काळी प्रकाश औषध म्हणून गाजत होता. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अतिनील किरणांचे अस्तित्व तर त्याच्या शंभर वर्षे आधीच ठाऊक झाले होते. 1801 मध्ये जर्मनीतील येना येथे योहान विल्हेल्म रिटर यांनी वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत झपाट्याने काळे पडते हे पाहिले होते. मात्र हेच किरण गाठी निर्माण करतात, याचा पुरावा कोणाजवळ नव्हता.

तो मिळू लागला 1928 मध्ये. लंडनमध्ये जॉर्ज फिंडले यांनी उंदरांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण महिनोनमहिने दिले आणि त्यांच्या कातडीवर गाठी उठल्या. ब्युनोस आयर्समध्ये आंखेल रोफ्फो यांनी 1930 च्या दशकात पांढरे उंदीर थेट उन्हात ठेवले. गाठी आल्या त्या कान, पापण्या, नाक अशा केस विरळ असलेल्या जागी. साधी खिडकीची काच मध्ये धरली की गाठी येत नसत. काच दृश्य प्रकाश आणि उष्णता बऱ्याच प्रमाणात आत सोडते, अतिनील किरणांतला आखूड तरंगलांबीचा भाग मात्र अडवते. उष्णता आणि उजेड एका बाजूला सारून खरा दोषी वेगळा काढणारा हा प्रयोग अतिशय साधा आणि तितकाच निर्णायक होता. पुढे अमेरिकेत हॅरल्ड ब्लम यांनी उंदरांच्या कानांवर मोजून-मापून किरण देत मात्रा आणि गाठ उगवण्याचा काळ यांचे नाते तपासले. आज 280 ते 315 नॅनोमीटरचा पट्टा, म्हणजे अतिनील-बी, सर्वांत घातक मानला जातो. यांतले बरेचसे किरण वातावरणातला ओझोन शोषून घेतो, आणि उरलेले जमिनीपर्यंत पोचतात.

किरण पेशीत नेमके काय करतात, याचे उत्तर 1960 मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे मिळाले. ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांनी डीएनएचा एक घटक असलेल्या थायमिनचे गोठवलेले द्रावण अतिनील किरणांखाली ठेवले, तेव्हा थायमिनचे दोन रेणू एकमेकांना जोडले गेले. डीएनएच्या साखळीत थायमिन किंवा सायटोसिन शेजारीशेजारी असले की हेच घडते : माळेतले लगतचे दोन मणी चिकटावेत तसे ते जुळतात. साखळीची नक्कल करताना तिथे पेशीची चूक होते आणि सायटोसिनच्या जागी थायमिन बसण्याची शक्यता वाढते.

डीएनएवर असे डाग कातडीच्या पेशींत दररोज पडतात. ते दुरुस्त करणारी यंत्रणा आधी जीवाणूंत सापडली. 1964 मध्ये ओक रिजचे रिचर्ड सेटलो आणि स्टॅनफर्डचे फिलिप हॅनवॉल्ट यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की पेशी बिघडलेला तुकडा कापून टाकते आणि मोकळी झालेली जागा भरून काढते.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा दुवा एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने पुरवला. व्हिएन्नाचे मोरित्स कापोझी यांनी 1874 मध्ये झेरोडर्मा पिग्मेंटोझमचे वर्णन केले होते. या मुलांची कातडी थोड्याशा उन्हानेही भाजते, तान्हेपणीच डागांनी भरते आणि अनेकांना दहा वर्षांच्या आतबाहेरच कर्करोग गाठतो. जवळजवळ शंभर वर्षे याचे कारण कोणालाच कळले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स क्लीव्हर यांनी या आजाराविषयी वर्तमानपत्रात वाचले आणि रुग्णांच्या कातडीच्या पेशी मिळवून वाढवल्या. त्यांना अतिनील किरण दिले आणि किरणोत्सारी थायमिडिन पुरवले. दुरुस्ती करणारी पेशी जागा भरताना हे थायमिडिन उचलते. पेशींवर छायाचित्रणाचा लेप देऊन त्या अंधारात ठेवल्या आणि नंतर लेप धुतला की प्रत्येक दुरुस्तीची खूण काळ्या कणांच्या रूपाने सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. निरोगी माणसाच्या पेशींची केंद्रके अशा कणांनी भरलेली दिसली. रुग्णांच्या पेशींत कण जवळजवळ नव्हतेच. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने, डीएनएचा डाग दुरुस्त न झाल्यास कर्करोग होतो, याचा माणसातला पहिला भक्कम पुरावा दिला. किरण, रेणू आणि रुग्ण यांना एकत्र जोडणारे हेच काम होते. दुरुस्तीच्या यंत्रणेचा तपशील उलगडणारे अझीझ संजार यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासमवेत 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

क्लीव्हर यांच्या कामानंतर गाठींमध्ये किरणांची सही शोधण्याचे काम सुरू झाले. येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश यांच्या गटाने 1991 मध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगातील 24 गाठी तपासल्या. त्यांपैकी 14 गाठींत पी 53 हे गाठींना आळा घालणारे जनुक बिघडलेले होते, आणि बिघाड अतिनील किरणांना साजेसा होता. काही गाठींत तर दोन लगतच्या सायटोसिनच्या जागी दोन थायमिन आले होते. अशी दुहेरी अदलाबदल इतर कारणांनी क्वचितच होते. 2010 मध्ये एका मेलॅनोमाच्या (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात 33,345 बदल आढळले, आणि त्यांतले बहुतेक याच जातीचे होते.

हानी केवळ जनुकांपुरतीच मर्यादित नाही. मार्गारेट क्रिप्की यांनी 1970 च्या दशकात दाखवले की किरणांनी झालेल्या गाठी निरोगी उंदरांचे शरीर नाकारते, पण आधी किरण दिलेल्या उंदरांत त्या वाढत राहतात. किरण प्रतिकारशक्तीलाही खिळखिळी करतात, असा याचा अर्थ होतो. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्र धरते, म्हणून सावळ्या लोकांत हे कर्करोग कमी आढळतात, तर ऑस्ट्रेलियासारख्या कडक उन्हाच्या देशात स्थायिक झालेल्या गोऱ्या लोकांत सर्वाधिक.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावी 1992 मध्ये सुरू झालेल्या सनस्क्रीनच्या चाचणीत 1,621 रहिवासी होते. अर्ध्या लोकांना डोके, मान आणि हातांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितले गेले. साडेचार वर्षांनी त्यांच्यात स्क्वॅमस पेशींच्या गाठी सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळल्या. बेसल पेशींच्या कर्करोगात फरक पडला नाही. चाचणी संपून दहा वर्षांनी मोजले, तेव्हा त्या गटात मेलॅनोमाचे 11 रुग्ण होते, दुसऱ्या गटात 22.

2015 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी चार व्यक्तींच्या पापण्यांच्या निरोगी कातडीचे 234 बारीक तुकडे तपासले. 18 ते 32 टक्के पेशींत कर्करोगाकडे नेणारे बदल आधीच होते, तरी गाठ कुठेही नव्हती. इतके बदल सांभाळूनही कातडी बहुतेकदा निरोगी कशी राहते, हा आता या क्षेत्रातला कळीचा प्रश्न आहे.