बिल्ला आणि टोपली

जुन्या मराठी शाळेंत पंतोजींची छडी हेंच शिस्तीचें मुख्य साधन समजलें जाई. २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलांत आला आणि वाशिम जिल्ह्यांतील मालेगांवासारख्या गांवीं शिक्षकाच्या हातीं शब्दच काय तो उरला. तो शब्द कसा वापरावा, हा प्रश्न मात्र बराच जुना आहे.

जोसेफ लँकेस्टर यानें १७९८ सालीं लंडनमध्यें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. फटके त्यास मान्य नव्हते. म्हणून त्यानें तिकिटें, बिल्ले, खेळणीं अशीं बक्षिसें ठेविलीं. परंतु त्याच्याच पद्धतींत खोडकर मुलास टोपलींत बसवून छताला टांगण्याची शिक्षाही होती. बिल्ला काय किंवा टोपली काय, दोहोंनीं मुलाची नजर कामावरून उठे आणि लोकांच्या तोंडाकडे लागे.

रोम येथें १९०७ सालीं निघालेल्या मारिया माँटेसरी यांच्या बालगृहांत निराळाच अनुभव आला. बक्षीस मिळालेल्या एका मुलाचें पदक काम करतांना गळून पडलें. शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविलेल्या मुलानें तें उचलून स्वतः घालण्याची परवानगी मागितली. पहिल्यानें ती बेफिकिरीनें दिली व तो पुन्हां कामास लागला. हा विचार मराठी मुलुखांत रुजविला तो ताराबाई मोडक यांनीं. कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलें आणि १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र उभारलें.

मग कौतुक करूंच नये कीं काय? १९९८ सालीं अमेरिकेंत म्युलर व ड्वेक यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. "तूं हुशार आहेस" असें ऐकलेलीं मुलें पुढें सोपें काम निवडूं लागलीं, आणि अपयश येतांच त्यांचें काम ढासळलें. मेहनतीबद्दल कौतुक झालेलीं मुलें अवघड कामास भिडलीं.

वर्गांत पहिल्या बांकावरील मुलास "हुशार" म्हटलें, कीं शेवटच्या बांकावरील मूल आपण तसे नाहीं एवढेंच त्यांतून शिकतें. त्याच मुलाची पाटी पाहून गुरुजींनीं "आज हातचा धरावयास विसरला नाहींस" असें म्हटलें, तर आपण नेमकें काय बरोबर केलें हें त्याला कळतें. उद्यां कोणी पाहत नसतांही तें त्याला पुन्हां करतां येतें.