ईसीजीमधला नॉइज फिल्टर कसा करतात? आणि जास्त फिल्टर केला तर काय होतं?

स्मार्टवॉचवर ईसीजी काढताना 'हात स्थिर ठेवा' असं का सांगतात? छातीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे त्याच्या दीड हजारपट. एवढ्याशा सिग्नलमध्ये स्नायूंची वीज, श्वासाची हालचाल आणि घरातली लाइट, सगळं मिसळतं. तोच नॉइज.

मी हे दिघ्यात घरीच शिकलो, तेही चुकून. सरावाला एमआयटी-बीआयएच हा मोफत डेटाबेस घेतला होता. त्यात बोस्टनच्या हॉस्पिटलमधली ४८ रेकॉर्डिंग आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाची. त्यावर माझा फिल्टर मस्त चालला. मग छोटं ईसीजी मोड्यूल आणून बाबांच्या छातीवर इलेक्ट्रोड लावले, तर स्क्रीनवर नुसता जाड पट्टा! दोन संध्याकाळी गेल्या. कारण काय, तर अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. नॉच फिल्टर ठरावीक एकच फ्रिक्वेन्सी कापतो आणि माझा ६० वर होता. एक आकडा बदलला, पट्ट्याची रेघ झाली. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आणखी सुधारली. (तसंही, अंगाला सर्किट जोडलेलं असताना चार्जर लावायचाच नाही. बॅटरीवरच चालवा.)

स्नायूंचा नॉइज जास्त चिवट. त्याच्या फ्रिक्वेन्सी हृदयाच्या ठोक्याच्या टोकदार भागात, म्हणजे क्यूआरएसमध्ये मिसळलेल्या असतात. ४० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं तर रेघ गुळगुळीत होते, पण क्यूआरएसची उंची घटते आणि बारीक खाचा पुसल्या जातात.

खरी गडबड श्वासाच्या नॉइजची. श्वासाबरोबर अख्खी रेघ हळूहळू वरखाली डुलते. ती सरळ करायला मी ०.५ हर्ट्झच्या खालचं कापलं. रेघ सरळ झाली, पण क्यूआरएसनंतरचा एसटी भाग खाली गेलेला दिसला. हृदयाला रक्त कमी पडतंय का, हे डॉक्टर याच भागावरून बघतात. माझी तर झोप उडाली. सकाळी क्लिनिकमध्ये ईसीजी काढला तर एसटी नॉर्मल. खड्डा माझ्याच फिल्टरने पाडला होता! साधा हाय-पास फिल्टर प्रत्येक उंच क्यूआरएसनंतर रेघ थोडी खाली ओढतो. उलटही होऊ शकतं, म्हणजे खरोखर वर गेलेला एसटी कमी दिसू शकतो. त्याची मला जास्त भीती वाटते.

म्हणून निदानासाठीच्या ईसीजीत साधारण ०.०५ ते १५० हर्ट्झ ठेवतात, थोडा नॉइज राहिला तरी. नुसते ठोके बघणाऱ्या मॉनिटरवर ०.५ ते ४० चालतं. मी आता तोच फिल्टर डेटावर एकदा पुढून, एकदा मागून फिरवतो. त्याने एसटी बराच कमी बिघडतो, पण रेकॉर्डिंग संपल्यावरच हे जमतं, लाइव्ह नाही.

वॉचचा ईसीजी सहसा एकाच लीडचा असतो, त्यावरून हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर स्क्रीनवरची स्वच्छ रेघ बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.

घरात कोणाचा जुना ईसीजी असेल तर कागदाची खालची कड बघा. बहुतेक वेळा फिल्टरचे आकडे तिथे छापलेले असतात.